रक्ताच्या रिपोर्टपासून वर्गापर्यंत : सोलापूरच्या विज्ञान शिक्षकांसाठी जैववैद्यकाची पहिली वाट

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची बी.एस्सी. भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात झालेली असते. नेमणूक विज्ञान-गणितासाठी होते आणि जूनमध्ये दहावीचा विज्ञान भाग २ हातात पडतो. आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रियेचे दोन पाठ, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य. पाठ तयार करून शिकवता येतात. अडते ते मुलांच्या प्रश्नांपाशी. "सर, आईचं हिमोग्लोबिन आठ आलंय, म्हणजे किती कमी?" "मॅडम, डेंग्यूत प्लेटलेट का उतरतात?" "शुगरच्या त्या पट्टीला एवढ्याशा थेंबातून आकडा कसा कळतो?" हे प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायात नसतात, पण मुलाच्या घरात असतात.

शरीर कसे चालते, आजारात नेमके काय बिघडते, ते तपासणीत कसे सापडते आणि औषध कुठे लागू पडते, एवढ्याचा अभ्यास म्हणजे जैववैद्यक. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही आणि शिक्षकाने डॉक्टरकी करायचीही नाही. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या माध्यमिक शिक्षकाने सोलापुरात राहून सुरुवात कशी करावी, ते इथे क्रमाने लिहिले आहे.

माझे ठाम मत आधीच सांगते. प्रशिक्षणाची ऑर्डर येण्याची वाट पाहू नका. एक आजार धरा. तो पुस्तकात वाचा, लॅबमध्ये बघा, हाताने एखादा प्रयोग करा आणि त्याच पंधरवड्यात वर्गात शिकवा. अशी एक फेरी पूर्ण झाली की पुढच्या कोणत्याही कार्यशाळेत तुम्ही नुसते वहीत उतरवून घेणार नाही, प्रश्न विचाराल.

पहिली पायरी : एक आजार निवडा

कर्करोग, जनुक-उपचार असे मोठे विषय खुणावतात. ते नंतर. पहिला विषय म्हणून मी रक्तक्षय सुचवेन, कारण त्याचे सगळे साहित्य शाळेतच आहे. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा वर्गात वाटली जाते. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. वाटप करून रजिस्टर भरणारेही आपणच. मग ही गोळी का, हे आपल्या वर्गाला आपल्याकडूनच कळायला हवे.

घरातला, स्वतःचा किंवा नवऱ्याचा-बायकोचा, सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) जुना रिपोर्ट काढा. पहिल्या दिवशी फक्त तीन ओळी वाचा. हिमोग्लोबिन : जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे १२ ते १४ वयाच्या मुलामुलींत आणि त्यापुढच्या मुलींत, गरोदर नसलेल्या बायकांत दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात, १५ वर्षांपुढच्या मुलांत आणि पुरुषांत १३ च्या खाली. आठच्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. त्यानंतर लाल पेशींची संख्या. आणि तिसरी ओळ एमसीव्हीची, म्हणजे एका लाल पेशीचे सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि आकडा ८० च्या खाली येतो. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडले की पेशी मोठ्या होतात आणि आकडा शंभरापुढे जातो. दोन्ही घरांत अशक्तपणा सारखाच, धाप सारखीच, कारण मात्र वेगळे आणि औषधही वेगळे. "रक्त कमी आहे" या एका वाक्यामागे किती गोष्टी दडलेल्या असतात, हे नववीतल्या मुलालाही या एका आकड्यावरून समजावता येते.

भौतिकशास्त्रवाल्या सरांनी इथेच आपली जागा ओळखावी. यंत्र पेशी मोजते कसे? द्रवात सोडलेल्या पेशी एका सूक्ष्म छिद्रातून एकेक करून जातात. पेशी छिद्रात आली की तेवढ्यापुरता विद्युत रोध वाढतो आणि एक ठोका नोंदवला जातो. ठोक्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या, ठोक्याची उंची म्हणजे पेशीचे आकारमान. वॉलेस कूल्टर यांना या युक्तीचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले आणि रक्त मोजणाऱ्या कितीतरी यंत्रांत आजही तीच वापरतात. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवतो आणि कोणता किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन सांगतो. शुगरच्या पट्टीवर ग्लुकोजवर काम करणारे विकर असते; अभिक्रियेतून निघालेला विद्युतप्रवाह यंत्र मोजते. प्रकाश, धाराविद्युत, आम्ल-आम्लारी हे ज्यांना नीट येते त्यांना जैववैद्यक परके नाही.

रसायनशास्त्रवाल्यांसाठी याच विषयातला एक प्रयोग. प्रयोगशाळेत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) असतेच. त्याचे पातळ द्रावण एका परीक्षानळीत घ्या आणि त्यात गार झालेला, बिनदुधाचा कडक चहा घाला. पाणी शाईसारखे काळपट होते. चहातल्या टॅनिनने लोहाला धरून ठेवले. पोटातही असेच होते, म्हणून जेवणाबरोबर चहा घेतला की लोह अंगी कमी लागते. आता त्यात लिंबू पिळा. काळेपणा बराच उतरतो. ज्वारीच्या भाकरीतल्या फायटेटमुळे तिच्यातले लोह पूर्णपणे शोषले जात नाही, पण त्याच ताटात लिंबाची फोड असली की फरक पडतो. भाकरी टाका असे कुणालाही सांगायचे नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या मुलांना ताटात आणखी काय हवे आणि चहा किती वेळाने प्यावा, एवढेच सांगायचे.

गोळीबद्दल एक. ती उपाशीपोटी देऊ नका, मळमळते. शौचाला काळे होते, ते लोहामुळे, हे आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यामुळे घाबरून पालक गोळी बंद करायला सांगतात.

दुसरी पायरी : लॅबचे दार ठोठवा

हे काम बहुतेक शिक्षक टाळतात, आणि खरे शिक्षण इथेच होते. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळची गर्दी ओसरल्यावर जा. ग्रामीण भागात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या लॅब टेक्निशियनला भेटा. शहरात आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, सिव्हिलला जोडलेले. तिथे शरीररचनाशास्त्राचा, विकृतीशास्त्राचा आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतो. पण तिथे तोंडी विचारून काम होत नाही. अधिष्ठात्यांच्या नावे, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र लागते.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा : किती शिक्षक येणार, कोणत्या विभागात काय पाहायचे आहे, किती वेळ, आणि "रुग्णांची नावे, चेहरे, कागद यांची छायाचित्रे घेतली जाणार नाहीत." हे शेवटचे वाक्य न विचारता लिहिले की समोरच्याची काळजी मिटते. "विज्ञान शिक्षकांना मार्गदर्शन व्हावे" असे मोघम पत्र टेबलावर पडून राहते. "रक्ताची काचपट्टी कशी तयार करतात व रंगवतात हे पाच शिक्षकांना एक तास पाहायचे आहे" अशा पत्रावर निर्णय घेणे सोपे जाते. पहिल्या भेटीत मुले नेऊ नका. आधी आपण शिकावे.

लॅबमध्ये गेल्यावर काय बघायचे? सर्वांत आधी झाकणांचे रंग. सीबीसीच्या नळीला जांभळे झाकण असते. त्यात ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते आणि कॅल्शियम नसेल तर रक्त गोठत नाही. रक्त गोठण्याचा पाठ त्या एका नळीत आहे.

मग काचपट्टी. टेक्निशियन पट्टीच्या एका टोकाजवळ रक्ताचा लहानसा थेंब ठेवतात. दुसरी पट्टी तिरकी, साधारण ३० ते ४५ अंशात थेंबाच्या पुढे धरून मागे आणत थेंबाला टेकवतात. थेंब कडेने पसरतो. मग एकाच झटक्यात, न दाबता, पट्टी पुढे सरकते आणि मागे पातळ होत गेलेला थर राहतो, शेवटी पिसाच्या टोकासारखा. पेशी बघायच्या त्या या टोकाच्या अलीकडे, जिथे त्या एकमेकींवर चढलेल्या नसतात. थर वाळला की लिश्मनचा रंग, थोड्या वेळाने त्यावर बफर पाणी, मग धुणे. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशीचा मधला भाग फिका दिसतो. निरोगी पेशीत तो फिकेपणा व्यासाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. लोहाच्या कमतरतेत तो वाढत जातो, इतका की पेशी नुसते कडे वाटते. टेक्निशियनना विनंती करून दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बघा. पुस्तकात "हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी होते" हे वाक्य तुम्ही वर्षानुवर्षे वाचून दाखवले असेल. ते कमी होणे डोळ्यांनी पाहिल्यावर शिकवण्यात जो फरक पडतो, तो मुलांना लगेच कळतो.

लॅबमधल्या माणसांना वर्गात बोलवा. टेक्निशियन ताई वीस मिनिटे बोलल्या तरी पुरे. रक्त तपासणारी माणसे कोण असतात, त्यासाठी कोणता कोर्स लागतो, हे दहावीच्या मुलामुलींना कुणी सांगतच नाही. विज्ञान म्हटले की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर एवढेच त्यांच्या कानावर असते.

तिसरी पायरी : प्रयोग आधी स्वतः करा

चार-पाच शिक्षकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर एका प्रयोगशाळेत जमावे. पुढचे प्रयोग वर्गात नेण्यापूर्वी एकदा तरी हातून गेलेले असावेत. सगळे साहित्य शाळेत, मेडिकलमध्ये किंवा किराणा दुकानात मिळते.

साथ कशी पसरते. मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक मुलाला पाण्याने अर्धा भरलेला सारखाच पेला द्या. एकाच पेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवलेला असतो. तो कोणाचा, हे कुणालाच माहीत नसते. मुले वर्गात फिरून कुणाही एकाशी पाण्याची अदलाबदल करतात : एकाने आपले सगळे पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचे, ढवळायचे, पुन्हा निम्मे निम्मे करायचे. अशा तीन फेऱ्या, दर वेळी नवा जोडीदार, आणि जोडीदारांची नावे क्रमाने वहीत. शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब. चाळीस मुलांच्या वर्गात जास्तीत जास्त आठ पेले गुलाबी होतात. पहिल्या फेरीनंतर दोन, दुसरीनंतर चार, तिसरीनंतर आठ. बाधित बाधिताशीच भेटला तर आठापेक्षा कमी. चौथी फेरी केली असती तर किती, हे मुले लगेच सांगतात.

खरी मजा पुढे आहे. वह्या बघून पहिला बाधित कोण, ते शोधायला सांगा. मुले वाद घालतात, फळ्यावर बाण काढतात आणि शेवटी दोन नावांवर येऊन अडतात. त्यापुढे जाता येत नाही, कारण पहिल्या फेरीनंतर त्या दोघांच्या पेल्यात एकसारखेच पाणी होते. इथे सुरुवातीलाच प्रत्येक पेल्यातून लहान बाटलीत बाजूला काढून ठेवलेला नमुना उपयोगी पडतो. साथरोगाच्या तपासात पहिल्या दिवसाचा नमुना जपून का ठेवतात, हे सांगावे लागत नाही.

एक खबरदारी. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. सोडा घातला की ते पांढुरके होते आणि बाधित पेला आधीच ओळखू येतो. म्हणून जारचे किंवा फिल्टरचे पाणी घ्या आणि त्यात आधी नुसते दोन थेंब टाकून ते गुलाबी होत नाही ना, ते बघून घ्या. फिनॉल्फ्थॅलीन संपले असेल तर हळदीचे पाणी चालते, ते तांबडे होते. थोड्या पेल्यांत आधीच पुरेसे व्हिनेगर घालून ठेवले तर ते लस घेतलेले ठरतात आणि साखळी तिथे तुटते. व्हिनेगर किती लागते, ते आधी मापून ठरवा.

या प्रयोगाला जोडायला उदाहरणे दूरची नकोत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे) रुग्ण अचानक वाढले आणि पुण्याहून आलेल्या एका रुग्णाचा सोलापुरात संशयित मृत्यू झाला, तेव्हा इथल्या घराघरांत पाण्याची चर्चा झाली होती. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा कधी कधी स्वतःच्याच चेतातंतूंवर चालून जाते, हे त्यातले विज्ञान. जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामागचा संसर्ग पाण्या-अन्नातून येतो, हा भेदही तेव्हाच शिकवायचा.

रक्तगट. खऱ्या रक्ताशिवाय करायचा. दुधात लाल खायचा रंग घालून "रक्त" तयार होते. प्रत्येक काल्पनिक रुग्णासाठी प्रतिद्रव्याच्या दोन बाटल्या, अँटी-ए आणि अँटी-बी. ज्या बाटलीने गुठळी व्हायला हवी तिच्यात व्हिनेगर, नको तिच्यात पाणी. ए गटाच्या रुग्णाच्या अँटी-ए बाटलीत व्हिनेगर आणि अँटी-बी बाटलीत पाणी, असे. मुले काचपट्टीवर थेंब मिसळतात, दूध फाटते, गट ठरतो. प्रयोग संपल्यावर मुलांना हे नक्की सांगा की खऱ्या लॅबमध्ये प्रतिद्रव्य सर्वांना एकच असते आणि फरक रक्तात असतो. आपण सोयीसाठी उलटे केले. प्रारूप कुठे खरे आणि कुठे खोटे, हे सांगणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

बोकडाचे हृदय. खाटिकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की वरच्या नळ्या लांब ठेवून काप, नाहीतर त्या मुळाशी छाटलेल्या मिळतात आणि निम्मा प्रयोग हातचा जातो. हातमोजे घालून महाधमनीत वरून हळूच पाणी ओता. खाली तीन लहान खिसे फुगतात आणि पाणी अडून राहते. ती अर्धचंद्राकृती झडप. मग डावे निलय उभे चिरा. भिंतीची जाडी उजव्या निलयाशी ताडून बघा; संपूर्ण शरीराला रक्त ढकलणाऱ्या बाजूला किती स्नायू लागतो ते बोटांना कळते. झडपेला खालून धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतात, ते ताणून बघा. झाल्यावर टेबल ब्लिचिंगच्या पाण्याने पुसा.

पंढरपूर, मंगळवेढा भागात माळकरी घरे पुष्कळ. हा प्रयोग सर्वांवर लादायचा नाही. आदल्या आठवड्यात घरी विचारून यायला सांगा. ज्यांना नको त्यांना त्या तासाला नाडीचा प्रयोग द्या, कमी दर्जाचा म्हणून नव्हे, तितक्याच आस्थेने. फनेल आणि रबरी नळीचा स्टेथोस्कोप, बसून, जिना चढून आणि दोन मिनिटे विश्रांती घेऊन मोजलेले ठोके, आणि त्याचा आलेख. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून पहिल्यांदा असेच ऐकले होते.

केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एवढेच : मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे पाणी, गाळणे, मग वरून अल्कोहोल. अल्कोहोल बर्फात ठेवून गार केलेले हवे. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात कपाटातून काढून तसेच ओतले तर धागे नीट येत नाहीत. सॅनिटायझरमध्ये पाणी जास्त असते, ते वापरू नका.

चौथी पायरी : शाळेत काय करायचे नाही

मुलांच्या बोटाला सुई टोचून रक्तगट पाहण्याची पद्धत काही शाळांत होती. ती बंद करा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतात; त्यापुढे रक्तगटाच्या तासाची हौस फार लहान आहे. रक्तगट हवाच असेल तर तो लॅबमध्ये, पालकांच्या संमतीने.

हाताचे, तोंडाचे, मोबाइलचे जंतू वाढवून बघू नका. काय वाढेल ते आपल्या हातात नसते. सूक्ष्मजीव बघायचेच असतील तर दही आहे, यीस्ट आहे. दह्याच्या निवळीचा पातळ थर, मिथिलीन ब्लूचा थेंब, आणि शाळेचाच सूक्ष्मदर्शक. चारशे पटीत जिवाणू बारीक ठिपक्या-काड्यांसारखे दिसतात. यीस्ट तर अंकुरतानाही सापडते. पावाच्या बुरशीचा तुकडा ठेवला असेल तर पिशवी बंदच ठेवून बघा, उघडून वास घेऊ देऊ नका. वाढवलेले काहीही फेकण्यापूर्वी प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटे ठेवा. हा कुकर मग स्वयंपाकाला परत न्यायचा नाही.

लाळेतल्या विकराचा प्रयोग करताना ज्याची लाळ त्यानेच ती नळी हाताळायची आणि त्यानेच धुवायची. आयोडीन नसेल तर मेडिकलमधले पोव्हिडोन आयोडीन पिठाच्या पाण्याला काळेनिळे करते.

पाचवी पायरी : मुलाचे घर सांभाळून शिकवा

सोलापुरात वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी कोणी यंत्रमागावर असते, कोणाची आई विड्या वळते. फुप्फुसांचे आजार, तंबाखू, क्षयरोग हे विषय इथे जपूनच हाताळावे लागतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही गोष्ट सांगितली तर वडिलांचा खोकला मुलाला पहिल्यांदा समजू शकतो. पण तंबाखूचा धडा "वाईट धंदा" या सुरात शिकवला तर आईच्या कमाईवर शिकणारी मुलगी मान खाली घालते. दोष कामगाराचा नाही. धूळ, हवा खेळती नसलेली खोली, तोंडावर फडके नसणे आणि तपासणी उशिरा होणे, याबद्दल बोला. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात. हे फळ्यावर लिहा. नावे विचारू नका.

आनुवंशिकतेचा पाठ सर्वांत नाजूक. जीभ गोल वळते की नाही, कानाची पाळी चिकटलेली की मोकळी, यांचे तक्ते आपण घरून भरून आणायला सांगतो. ही लक्षणे एका जनुकाच्या साध्या नियमाने चालत नाहीत. एकसारख्या जुळ्यांतही एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही, असे आढळले आहे. तरी मूल घरी जाऊन हिशेब मांडते आणि "मी तुमचाच ना?" असा प्रश्न तयार होतो. रक्तगटाचेही तेच. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट शोधला, जो आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून जगभर ओळखला जातो. या लोकांत एच प्रतिजनच नसतो, त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ गटाचे दिसतात, पण ए किंवा बी चे जनुक त्यांच्यात असू शकते आणि मुलाकडे जाऊ शकते. ओ आणि ओ दिसणाऱ्या आई-वडिलांचे मूल बी गटाचे निघू शकते ते असे. हे उदाहरण वर्गात जरूर सांगा. आणि वंशावळीचे तक्ते काल्पनिक कुटुंबाचेच द्या.

सिकलसेलसाठीही काल्पनिक कुटुंब वापरा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि एवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते. उत्परिवर्तन शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कुणा मुलाने घरचा रिपोर्ट आणून "बघा ना मॅडम" म्हटले, तर आकड्याचा अर्थ सांगा, निदान सांगू नका. "हे घेऊन दवाखान्यात जा" म्हणा, आणि दोन दिवसांनी गेले का, ते विचारा.

सहावी पायरी : आता प्रशिक्षण शोधा

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स त्यासाठी सर्वांत हाताशी, पण ते अध्यापनाबद्दल जास्त आणि विषयाबद्दल कमी असतात. विषयासाठी मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. त्यांच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमातले अभ्यासघटक आठवी ते दहावीसाठीच आहेत. पुण्यात पाषाणला आयसरचे (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे) विज्ञान उपक्रम केंद्र आहे. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली तर एका दिवसात जाऊन येता येते.

इथल्या इथे म्हणाल तर वालचंद, संगमेश्वर, दयानंद या महाविद्यालयांतल्या आणि केगावच्या विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना शनिवारच्या गटात बोलवा. केगावजवळचे सोलापूर विज्ञान केंद्र मुलांसह जाण्यासारखे. आणि भय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला युद्धातल्या जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. सामाजिक आरोग्याच्या पाठाआधी मुलांना तिथे नेऊन आणा.

सूक्ष्मदर्शक कमी असतील तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला कागदी फोल्डस्कोप बघा. तो घडी घालून बनवता येतो आणि साधारण १४० पट मोठे दाखवतो. रक्तपेशी तपासायला तो पुरणार नाही, पण कांद्याची पेशी, परागकण, डासाची अळी यांना उत्तम.

वर्षात कधी काय

जूनमध्ये गट जमवा, १४ जूनचा रक्तदाता दिन धरून रक्तगटाचा प्रयोग. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि एडिस डासाला स्वच्छ साठलेले पाणीच लागते. पिंपातल्या अळ्या काचेच्या बरणीत, वर फडके घट्ट बांधून वर्गात ठेवा. पाण्याला तिरकी लटकलेली अळी एडिसची किंवा क्युलेक्सची, पृष्ठभागाला समांतर असेल तर अ‍ॅनोफिलिसची. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पिंपे रिकामी करून कोरडी ठेवण्याचा. हे गणित मुले स्वतः मांडतात. कोष दिसू लागले की बरणीत उकळते पाणी ओता.

दिवाळीनंतर रक्तक्षयाची फेरी. डिसेंबर-जानेवारीत विज्ञान प्रदर्शने लागतात. साथीचा प्रयोग तिथे चालतो. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाच्या आधी आतड्यातले जंत रक्त कसे कमी करतात ते घ्या, म्हणजे अल्बेंडाझोलची गोळी का, हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यानंतर दहावीवाले परीक्षेत, आपण पर्यवेक्षणात.

उन्हाळी कार्यशाळांच्या जाहिराती बहुतेकदा मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि अर्जावर मुख्याध्यापकांची शिफारस लागते. निकालाच्या गडबडीत ती राहून जाते. शिफारशीचा मजकूर टाईप करून फेब्रुवारीतच तयार ठेवा आणि शाळेला सुट्टी लागण्यापूर्वी सहीशिक्का घ्या.